आत्या नेमकी कोणावर रुसली?

तिसऱ्या माणसानंही आत्याची माफी मागितली, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. कारण तिघांपैकी एकानंही आत्याचं काही वाकडं केलं नव्हतं.

आत्या म्हणजे आमच्या गेममधली आत्या. जागा अकोल्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासचा हॉल. टेबलांवर टॅबलेट मांडलेले, प्रत्येकासमोर गेम खेळून बघायला बोलावलेला एक माणूस, आणि मागच्या भिंतीला टेकून आम्ही तिघं. मी, आमच्या अमरावतीच्या स्टुडिओचे मालक इरफानभाई आणि पुण्याहून आलेल्या देवयानी मॅडम. आमचा निकाल त्यांच्या हातात होता, आणि त्या हातात सध्या क्लासवाल्यानं दिलेली गरम कचोरी होती.

मी गेम लिहिते. माझ्या कामाला नॅरेटिव्ह डिझायनर म्हणतात. अमरावतीत हे कोणाला सांगितलं की समोरचा दोन क्षण थांबतो आणि विचारतो, "गेम तं खेळतात नं? लिहितात काय?" लिहितात. काही गेम मारामारीचे असतात, काही गोष्टीचे. गोष्टीच्या गेममध्ये पडद्यावर एक प्रसंग येतो, खाली दोन-तीन पर्याय येतात, खेळणारा एक निवडतो आणि गोष्ट पुढं सरकते. प्रसंग, संवाद आणि पर्याय मी लिहायचे. ते चालतं-बोलतं करायचं काम इरफानभाईंचं.

इरफानभाईंचं घराणं अकोल्यातल्या फर्निचरवाल्यांचं. ते कोडिंगकडे वळले, पण वडिलांची एक सवय त्यांनी सोडली नाही. गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी खुर्चीवर स्वतः बसून बघायचं. आमचा प्रत्येक गेम बाहेर दाखवण्याआधी ते स्वतः सगळ्या टॅबलेटवर खेळून पाहतात. ही सवय चांगलीच आहे. या गोष्टीत मात्र सगळा घोळ तिनंच केला.

गेमचं नाव होतं 'लग्नघर'. अंजनगाव सुर्जीला लग्न आहे. खेळणारा म्हणजे नवरीची थोरली बहीण. पाहुणे यायला लागलेत, आणि कोणाला कुठं उतरवायचं, पहिला चहा कोणाला, साड्या कोण निवडणार, हे सगळं तिच्या गळ्यात. तेल्हाऱ्याची आत्या एसटीनं येते, तिला आणायला स्टँडवर कोण जाणार, हा पहिलाच पर्याय. तुम्ही स्वतः जा, नाहीतर ऑटो पाठवून द्या.

अडचण एकच होती. काहीही निवडा, लग्न लागायचंच.

हे मुद्दाम केलेलं होतं. प्रत्येक पर्यायाला गोष्ट दोन वाटांनी फाटते, त्याला आम्ही ब्रँच म्हणतो. प्रत्येक ब्रँच शेवटपर्यंत वेगळी ठेवायची म्हटलं, तर चित्रं वेगळी, आवाज वेगळे, तपासणी वेगळी, आणि लिहिणारी एकटी मी. म्हणून थोडं पुढं जाऊन वाटा परत एकत्र आणतात. त्याला मर्ज म्हणतात. अमरावतीहून अकोल्याला मूर्तिजापूरवरून जा की दर्यापूरवरून, उतराल अकोल्यालाच. मोठमोठे स्टुडिओही हेच करतात. यात फसवणूक नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

देवयानी मॅडमना ते पटलं नव्हतं. त्या आमच्या पब्लिशरकडच्या. पुस्तकाला प्रकाशक असतो तसा गेमलाही असतो. आधीची आवृत्ती खेळून त्यांनी फोन केला होता.

"वैशाली, काहीही निवडलं तरी लग्न लागतंच. मग माणसानं निवडायचं कशाला?"

"मॅडम, हा लग्न मोडायचा गेम नाहीये."

"पाच वेगळे शेवट द्या. एकात तरी मोडू द्या. खेळणाऱ्यांना आपल्या निवडीला अर्थ आहे असं वाटलं नाही, तर ते पहिल्या दिवशीच शिव्या घालतील. आमचे वरचे लोक हा प्रोजेक्ट थांबवतील. मला ते आवडणार नाही, पण थांबवतील."

पाच शेवट आमच्याच्यानं होणार नव्हते. आणि प्रोजेक्ट थांबला तर अमरावतीतलं आमचं दोन खोल्यांचं ऑफिस बंद, इतकं सरळ होतं ते. मग मला परत पुणं. नवरा इथं कॉलेजात शिकवतो, मुलगी ओवी इथल्या शाळेत. तीन वर्षं मी तशी काढलीत. शुक्रवारी यायचं आणि रविवारी संध्याकाळी ट्रॅव्हल्सनं निघायचं. सुरुवातीला चार वर्षांची असलेली ओवी दर रविवारी माझी एक चप्पल लपवायची. एकच. दोन लपवल्या तर आई दुसरा जोड घालेल, हे तिचं गणित. त्या बसमध्ये मला पुन्हा बसायचं नव्हतं. बाकी गेमबिमचं काय व्हायचं ते होवो, असंही कधीकधी वाटायचं.

मॅडम यायच्या आधी हातात थोडाच वेळ होता. शेवट वाढवणं शक्य नव्हतं, म्हणून मी प्रयोग म्हणून फक्त आत्याला एक फ्लॅग दिला. फ्लॅग म्हणजे गेमनं मनात बांधलेली गाठ. स्टँडवर स्वतः आलात की नाही, एवढंच आत्यानं लक्षात ठेवायचं. आला असाल तर ती हसून बोलते. ऑटो पाठवला असेल तर पुढच्या सगळ्या प्रसंगांत तिचं बोलणं बदलतं. ती भांडत नाही. "चाय? आत्ताच पेली," म्हणते. बसायला पाट दिला तर म्हणते, "राहू दे पोरी, आमी काय, कोपऱ्यात बी बसू." बाकी गोष्ट तीच, लग्नही तेच.

तर त्या दिवशी हॉलमध्ये आत्या सगळ्यांवरच रुसून बसली होती.

पहिली कोमल, एमएस्सी करणारी मुलगी. तिनं पुढच्या प्रसंगात आत्याला स्वतः वाढायचा पर्याय घेतला आणि "सॉरी आत्या" असं पुटपुटली. दुसऱ्या शिवणक्लास चालवणाऱ्या सुनंदाबाई. त्या तर टॅबलेटशी मोठ्यानंच बोलत होत्या.

"मी गेली होती नं स्टँडवर तुले आणाले. मंग कावून तोंड फुगवून राहिली?" थोड्या वेळानं त्यांनीच उत्तर शोधलं. "चाय पयले पाव्हण्यायले देला, हिले मांगून. तेच असन. चुकलं माय माहं."

तिसरे सलीमचाचा, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. आत्याची गाडी लेट आली तेव्हा ते म्हणाले होते, "बराबर लिहिलं. तेल्हाऱ्याची गाडी कदी टायमावर आली काय?" आता ते चष्मा कपाळावर चढवून आत्याला समजावत होते. "गलती झाली असन माह्याकडून. माफ कर ना माय."

देवयानी मॅडम माझ्या कानाशी आल्या. "ती आत्या नुसतं 'आत्ताच पेली' म्हणाली. यात राग कुठे आहे?"

सुनंदाबाईंनी ते ऐकलं. "मॅडम, तेल्हाऱ्याहून एसटीत बसून आलेली बाई चाय नाही म्हणते. आता अजून काय पायजे?"

मॅडमनी डायरीत काहीतरी लिहिलं. त्या खूश दिसत होत्या. मी नव्हते. कारण तिघंही स्टँडवर स्वतः गेले होते, मी पाठीमागून पाहिलं होतं. आत्यानं हसायला हवं होतं.

मी इरफानभाईंना बाहेर पॅसेजमध्ये घेतलं. त्यांनी लॅपटॉप उघडला, दोन मिनिटांत मिटला आणि कपाळावर हात मारला. आदल्या दिवशी ते सवयीप्रमाणे सगळ्या टॅबलेटवर खेळले होते. खेळताना घाईत आत्यासाठी ऑटो पाठवला होता. आणि टेस्ट सुरू करण्याआधी आत्याचा फ्लॅग पुसायचा राहिला होता. गेम नव्यानं सुरू झाला, पण आत्याच्या मनातली गाठ जुनीच राहिली. आत्या रुसली होती ती इरफानभाईंवर. माफी बिचारे सलीमचाचा मागत होते.

मला हसू आलं. लोक चिडले नव्हते. गेम बिघडलाय असं एकालाही वाटलं नव्हतं. आमच्याकडे रुसलेल्या माणसाला कारण विचारायची पद्धतच नाही. आधी मनवायचं, कारण मागाहून कळतं. पुष्कळदा कळतही नाही. आपलंच काहीतरी चुकलं असणार असं धरून चालायचं. आमच्या बगनं, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीनं, लोकांकडून नेमकं तेच करवून घेतलं होतं.

"सांगायचं का मॅडमले?" इरफानभाईंनी विचारलं.

"त्या खूश आहेत. आत्ता सांगितलं तर आज संध्याकाळीच संपलं सगळं."

"ताई, खुर्चीचा पाय हालते हे मालूम असून गिऱ्हाइकाले बसवाव काय?"

मला त्यांचा राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा ऐनवेळी येतो तसा. मला रविवारची बस दिसत होती. पण ते बोलले ते खरं होतं, आणि उद्या हे कळलं असतं तर आम्ही दोन्हीकडून गेलो असतो.

आम्ही आत जाऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. डायरी मिटली.

"म्हणजे या लोकांनी जे निवडलं, त्याचा आत्याच्या रागाशी काही संबंध नव्हता?"

"नाही."

"आणि तरी त्यांना वाटलं की आहे."

"हो."

"मग हे माझंच म्हणणं झालं, वैशाली. निवड खोटी आहे. या वेळी चुकून जास्त चांगली खोटी निघाली."

इरफानभाई म्हणाले, "मॅडम, तुमची गाडी संध्याकाळची आहे. फ्लॅग पुसून परत एकदा पाहू. आता खरं खरं."

लोकांना चहा दिला, काय घोळ झाला ते सांगितलं. सुनंदाबाई म्हणाल्या, "म्हणजे मी उगीच मनाले लावून घेतलं." पण कोणी उठून गेलं नाही. सगळे परत बसले.

या वेळी सुनंदाबाई पुन्हा स्टँडवर गेल्या. सलीमचाचांनी मात्र मुद्दाम ऑटो पाठवला. "पाहू तं, काय करते," म्हणाले. थोड्या वेळानं सुनंदाबाईंची आत्या हसत आली, त्यांच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाली, "पोरी, तू आली म्हणून बरं. मी तं गर्दीत भेमकून वाट चुकली असती." ते वाक्य कानावर पडताच चाचा खुर्ची सरकवून त्यांच्या टॅबलेटमध्ये डोकावले. मग स्वतःच्या टॅबलेटकडे पाहिलं. तिथं आत्या कोपऱ्यात बसली होती.

पुढचा पर्याय समोर होता, बोट वर धरून ते तसेच बसले.

"बराबर आहे तिचं," ते शेवटी म्हणाले. "मीच नाही गेलो."

मग त्यांनी इरफानभाईंना विचारलं, "बेटा, हे परत सुरूपासून खेळता येते काय? मले तिले आणाले जायचं आहे."

देवयानी मॅडम त्यांच्याजवळ गेल्या. "चाचा, पण शेवटी लग्न लागतंच. तुम्ही गेलात काय, न गेलात काय."

चाचांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला मॅडमची दयाच आली. "लग्न तं लागनच, मॅडम. लग्न कोनाचं अडून राहते? पन आत्या तं उद्या बी राहीन नं."

मॅडमनी डायरी परत उघडली. परतीच्या गाडीच्या आधी आम्ही तिघं त्याच हॉलमध्ये बसलो आणि त्यांनी पाच शेवटांची मागणी मागं घेतली. त्याऐवजी त्यांना वेगळंच हवं होतं. घरातल्या प्रत्येक नातेवाइकानं एक गोष्ट लक्षात ठेवायची. मामानं एक, काकूनं एक, सासरच्यांपैकी प्रत्येकानं एक. चित्रं तीच, शेवट तोच, फक्त बोलणी बदलायची. म्हणजे काम सगळं माझ्या वाट्याला, पण ते होण्यासारखं होतं.

"आणि प्रत्येक टेस्टआधी फ्लॅग पुसा," त्या इरफानभाईंना म्हणाल्या.

"मॅडम, आता खुर्चीवर बसून झालं की उशीबी झटकत जाईन."

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरच्या पुढं इरफानभाईंनी गाडी थांबवली. आम्ही टपरीवर चहा घेतला. छातीवरचं ओझं उतरलं की माणसाला भूक लागते हे मला तेव्हा कळलं. मी सलग दोन प्लेट भजी खाल्ली.

गेम पुढं बाहेर आला. ऑफिस चालू आहे. एक लग्न आणि एकच शेवट, म्हणून नावं ठेवणारे आहेत, पण त्याहून जास्त लोक मामाच्या मनाला काय लागलं याबद्दल भांडत असतात. निवडीला खरंच अर्थ असतो का, हे मला कार्यक्रमांत हटकून विचारतात. मी सांगते, शेवट बदलला पाहिजे असं काही नाही, समोरच्यानं लक्षात ठेवलं म्हणजे झालं. एवढं सांगून मी खाली बसते. त्यामागचं कारण मात्र व्यासपीठावर सांगत नाही.

ओवीनं तीन वर्षं माझी चप्पल लपवली. कपाटाखाली, कूलरच्या मागं, एकदा तर कणकेच्या डब्यात. मी दर वेळी शोधून काढली आणि दर वेळी निघाले. माझी बस एकदाही चुकली नाही. पुण्याची नोकरी मी सोडली ती मात्र त्या चपलांमुळेच.