भूत यायच्या आधी

बदली होऊन कोलकात्याला आलो त्याला अकरा वर्षं झाली, पण माझं बंगाली बाजारापुरतंच राहिलं. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आता तिचं बंगाली पक्कं आणि मराठी कच्चं आहे. त्यामुळे घरात एक रीत पडली. भुताचा विनोदी बंगाली सिनेमा लागला की आम्ही दोघांनी जायचं आणि तिने माझ्या कानात सगळं मराठीत सांगायचं. बायकोला भुतं चालत नाहीत. एरवी मुलगी आठवड्यात माझ्याशी वीस वाक्यंही बोलत नाही. सिनेमात सलग दोन तास बोलते. मी त्यासाठीच जातो.

या वेळच्या सिनेमात एका घराण्याला शाप होता: लग्न ठरलं की नवऱ्या मुलाचे पाय उलटे व्हायचे. पहिल्या आठवड्यात माझ्या बँकेत ऑडिट होतं, म्हणून जाणं जमलं नाही. "तुझ्याशिवाय बघणार नाही," असं मुलीने कबूल केलं. मग शनिवारी आम्ही न्यू टाउनच्या थिएटरात गेलो.

विसाव्या मिनिटाला मला शंका आली. "आता आत्या म्हणेल, बूटही उलटे घाला," ती पुटपुटली, आणि मग पडद्यावरच्या आत्याने तोंड उघडलं. मी मोजायला लागलो. मध्यंतरापर्यंत असं नऊ वेळा झालं. विहिरीतून हात वर आला तेव्हा सगळे दचकले. तिने दोन सेकंद आधीच डोळे मिटले होते.

मध्यंतरात मी विचारलं. तिने लपवलं नाही. बुधवारी मैत्रिणींबरोबर पाहिला होता. बुधवारी ती क्लासला गेली आहे, असं बायकोनेच मला सांगितलं होतं.

"मग आज कशाला आलीस?"

"तुला वाईट वाटलं असतं." पॉपकॉर्नच्या डब्यात बघत ती म्हणाली, "बाबा, तुला सांगत बसलं की माझं हसायचं राहून जातं. एकदा सगळ्यांबरोबर हसायचं होतं."

पुढचं सांगू नकोस, असं मी तिला म्हटलं. उत्तरार्ध एक तास पाच मिनिटांचा होता. ती दुसऱ्यांदा बघत असूनही सगळ्यांबरोबर हसली. शेवटी पाय सरळ झाले, एवढं मला दिसलं. कशामुळे झाले ते कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

घरी बायकोने दार उघडलं आणि सिनेमा कसा होता ते विचारलं.

"तुला बुधवारीच कळलं असेल की," मी म्हणालो.

ती कुकर लावायला आत गेली.