लखनौची मूळ चाल

लखनौच्या आमच्या मराठी मंडळात एकमत म्हणून कशावर होत नाही. गणपतीला मोदक उकडीचे की तळणीचे, यावरून दोन जुन्या सभासदांनी अकरा वर्षं एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. एका गोष्टीवर मात्र कुणाचं दुमत नव्हतं. गाण्यातलं काही अडलं की हरिहर उकिडव्यांना विचारायचं आणि ते सांगतील ते खरं मानायचं.

मी मुक्ता, बँकेत नोकरीला. आम्हा बँकवाल्यांचं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. लखनौला बदली होऊन चार महिने होतात न होतात तोच मी मंडळाची सहसचिव झाले, कारण निवडणुकीच्या सभेला मी उशिरा पोचले. तेव्हापासून उकिडवेकाकांची आणि माझी गट्टी. चौऱ्याहत्तर वर्षांचे, काटक, ऑक्टोबर लागला की अर्ध्या बाह्यांचा स्वेटर चढवणारे. मानकनगरच्या रेल्वे कचेरीत नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली. आता इंदिरा नगरात मुलगा-सुनेकडे राहतात. पेटी वाजवतात, कुणाचा ताल चुकला तर बोलत नाहीत, फक्त भुवई उचलतात. ती भुवई भल्याभल्यांना गप्प करते. मला ती फार आवडायची, माझ्यावर उचलली जात नव्हती तोवर.

काकांचा हा मान आला कुठून, तर १९८२ सालातून. त्या वर्षी मंडळाने 'संगीत नीलवेणी' हे जुनं नाटक बसवलं. नाटकातल्या तीन पदांच्या तबकड्या मिळाल्या, बाकीच्या पदांच्या चाली कुणाकुणाच्या तोंडी होत्या. पण तिसऱ्या अंकातलं 'नको लावू कवाड सखये' हे पद कुणालाच येईना. त्या काळी नाट्यगृहाच्या दारात पदांचं छोटं पुस्तक मिळायचं. त्यात प्रत्येक पदावर राग, ताल आणि ते कुठल्या ओळखीच्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं ते छापलेलं असे. या पदावर नुसतं लिहिलं होतं, 'चाल स्वतंत्र'. सचिवांनी पुण्याला दोन पत्रं धाडली, उत्तर आलं नाही. तालीम अडली. तेव्हा कुणीतरी म्हणालं, अरे, तो नवा उकिडवे मिरजेहून आलाय ना, त्याला येत असणार.

उकिडव्यांना आलं. "लहानपणी मिरजेत ऐकलंय, आठवून बघतो," म्हणाले आणि चौथ्या दिवशी पेटीवर अख्खं पद म्हणून दाखवलं. नाटकात ते गायलं चारुलता पारसनीस यांनी. नवरा हवाई दलात, वय अठ्ठावीस, गळा असा की तीन वन्समोर मिळाले. त्या दिवसापासून ते पद लखनौचं झालं. गणपतीत, हळदीकुंकवाला, लग्नाच्या आदल्या दिवशी, सगळीकडे तेच. हवाई दलातल्या बायकांनी ते जोधपूरला नेलं, तेजपूरला नेलं. खुद्द महाराष्ट्रात विसरलेली मूळ चाल आम्ही परमुलखात जपली, हा आमचा मोठा अभिमान. आमचा म्हणजे, मला इथे येऊन दोन वर्षंच झाली होती, पण अभिमान लगेच लागतो.

मागच्या दिवाळीनंतर बातमी आली की पुण्याची एक मंडळी 'नीलवेणी'तली सगळी पदं मैफलीच्या रूपात सादर करत हिंडतेय. नेपथ्य नाही, शालू-शेले नाहीत, फक्त गाणारे, ऑर्गन, तबला आणि मधून थोडं निवेदन. दिल्ली, भोपाळ करून डिसेंबरात लखनौला येणार. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एरवी गुड मॉर्निंगची फुलं पडतात, तिथे लोक नाटकातली वाक्यं टाकू लागले. कानपूरहून फोन आले. छावणीतली एक बाई मला म्हणाली, "भाभी, मला समोरची सीट पाहिजे हाँ, माझ्या सासूबाई त्या नाटकात दासी होत्या." या दासीच्या भूमिकेतल्या म्हणे एकूण सात जणी आजवर निघाल्या आहेत. नाटकात दासी दोन.

मग पुण्याहून जाहिरात आली. त्यात ठळक अक्षरांत होतं: 'नको लावू कवाड सखये, संगीतकाराच्या वहीत सापडलेल्या मूळ चालीसह, साठ वर्षांत प्रथमच.'

ग्रुपवर हसण्याचा पूर लोटला. साठ वर्षांत प्रथमच काय, आमच्याकडे दर वर्षी होतं. आमचे अध्यक्ष कर्नल सुधीर राणे यांनी लगोलग ठराव मांडला की मध्यंतरात उकिडवेसाहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, मूळ चालीचे जतनकर्ते म्हणून. पुणेकरांनाही कळू दे. ठराव एकमताने मंजूर झाला. मोदकवालेसुद्धा दोघे हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उकिडवेकाका गोमती नगरातल्या माझ्या शाखेत ई-रिक्षाने येऊन दाखल झाले. केबिनचं दार त्यांनी स्वतः लोटून घेतलं.

"मुक्ता, तो कार्यक्रम फार लांबतोय," ते म्हणाले. "एखादं पद गाळायला सांग त्यांना. तिसऱ्या अंकातलं एखादं."

"काका, लोक तेवढ्या एका पदासाठी येतायत."

"तेच गाळ."

मला वाटलं, सत्काराचा संकोच. मी म्हटलं, "तुम्हाला लाजायला काय झालं? तुमची चाल आणि त्यांची चाल एकदा जुळली की झालं."

"नाही जुळणार."

"थोडा फरक असेल, असू दे की."

काकांनी माझ्या टेबलावरचं पेनस्टँड थोडं सरळ केलं, मग परत तिरकं केलं. "फरक नाही गं. काहीच जुळणार नाही. ती चाल मी केलीय. मिरजेत मी ते नाटक कधी पाहिलंच नव्हतं."

बाहेर टोकन नंबर पुकारला जात होता.

"मला इथे येऊन तीन महिने झाले होते," काका सांगू लागले. "कुणी ओळखत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, मिरजेचा माणूस आणि याला नाट्यपद येत नाही? मिरज म्हटलं की लोकांना वाटतं, तिथे नळाला सूर येतात. नाही म्हणवेना. घरी जाऊन तीन रात्री पेटीवर बसलो आणि केली. वाटलं, दोन प्रयोग होतील, विसरतील. विसरलेच नाहीत."

"मग नंतर सांगायचं होतं."

"कधी? वन्समोर पडत असताना?"

खरं सांगते, मला त्यांचा राग आला. चार दशकं हा माणूस लोकांचे ताल चुकले म्हणून भुवया उचलत होता. पण राग दोन मिनिटांच्या वर टिकेना, कारण समोर बसलेला माणूस अगदी भेदरून गेला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती आता चारशे माणसांपुढे उघडणार होती. ज्या नावावर त्यांनी या परक्या गावात आयुष्य काढलं, ते नावच जाणार होतं.

"निदान चारुलताकाकूंना आधी सांगा," मी म्हटलं. "त्यांनी ते जन्मभर गायलंय. लोकांसमोर कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे."

"सांगतो," काका म्हणाले आणि लहान मुलासारखी मान हलवली.

सांगितलं नाही. आठवडाभराने त्यांची सून शिवांगी हिचा फोन आला. ती इथलीच, मराठी समजते पण बोलते हिंदीत. "दीदी, पापाजी को क्या हुआ है? दो बार पारसनीस आंटी के गेट तक जाकर लौट आए. खाना भी ठीक से नहीं खा रहे." मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. सत्कार नको म्हणून त्यांनी अध्यक्षांना चिठ्ठी लिहिली, तर कर्नलसाहेबांनी ती ग्रुपवर टाकली, 'याला म्हणतात विनय' असं वर लिहून. त्यावर पासष्ट जणांनी हात जोडले. मीही जोडले. न जोडते तर लोकांनी विचारलं असतं ना.

कार्यक्रमाच्या दिवशी साडेपाचलाच सभागृह भरलं. ठेवणीतल्या पैठण्या, थंडीमुळे वर मफलर, आणि गजऱ्यांचा वास. पहिला भाग अप्रतिम झाला. दर पदाला वन्समोर मिळाला. मध्यंतरात काकांना मंचावर नेऊन शाल घातली. मानपत्र मीच वाचलं. 'मूळ चालीचे जतनकर्ते' हे शब्द मी इतक्या भरभर वाचले की मागच्या रांगेतून कुणी "जरा हळू" म्हणालं. काका नारळ घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसले, चारुलताकाकूंपासून एक खुर्ची सोडून. काकूंनी हसून त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी नारळाकडे पाहिलं.

मग ते पद आलं. गाणारी शर्वरी नावाची मुलगी, पंचविशीतली. तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

आमची चाल ठसक्याची आहे, ताना घेत वर चढणारी. ही अगदी हळू होती. दारात उभी असलेली बाई मैत्रिणीला सांगतेय, तो अजून येईल, दार लावू नकोस. तेवढंच, जणू बोलता बोलता सूर लागलेला. पहिल्या ओळीलाच माझ्या अंगावर काटा आला. काकांकडे पाहिलं तर ते पुढे वाकून ऐकत होते, तोंड किंचित उघडं.

पण सभागृहात कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या ओळीला मागून दहा-बारा बायकांनी आमच्या चालीत सूर धरला, मदत म्हणूनच. दोन चाली एकमेकींवर आदळल्या. ऑर्गनवाले गोंधळले. शर्वरीने कसंबसं पद पुरं केलं. टाळ्या आल्या त्या पाहुण्यांसाठी वाजवतात तशा.

कर्नलसाहेब माईकपाशी गेले. मनाने फार चांगला माणूस, म्हणूनच भीती. "बेटा, गळा सुंदर आहे तुझा," ते म्हणाले, "पण चाल चुकली. मूळ चाल आमच्या उकिडवेसाहेबांकडे आहे. जाताना शिकून जा त्यांच्याकडून." लोकांनी आता मात्र मनापासून टाळ्या वाजवल्या.

शर्वरीचा चेहरा लालबुंद झाला. "सर, वहीत हीच लिहिलीय," ती इतकंच म्हणाली आणि तिचा आवाज कापला. मला उठायला हवं होतं. मला सगळं ठाऊक होतं. मी खुर्चीचे हात धरून बसून राहिले, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

उकिडवेकाका उठले. नारळ खुर्चीवर ठेवला, शाल काढून त्यावर ठेवली.

"कर्नलसाहेब, तिचं बरोबर आहे," ते म्हणाले. आवाज लहान होता, पण सभागृह एकदम चिडीचूप झालं. "मूळ चाल तीच. मी ती आज पहिल्यांदा ऐकली. आपण म्हणतो ती मी रचलीय, ब्याऐंशी साली, तीन दिवसांत. मिरजेत ऐकली म्हणालो ते खोटं होतं." मग ते शर्वरीकडे वळले. "बेटा, तुला आमच्यामुळे ऐकून घ्यावं लागलं. माफ कर. आणि पुन्हा म्हण. वन्समोर."

एकटे उभे राहून त्यांनी तो वन्समोर दिला. दुसरा आवाज आला नाही. शर्वरीने ऑर्गनवाल्यांकडे पाहिलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी कुणी मध्ये सूर धरला नाही. चारुलताकाकू मांडीवर हात ठेवून ताठ बसून ऐकत होत्या आणि काका शेवटपर्यंत उभे होते.

कार्यक्रम संपल्यावर लोक त्यांना टाळून बाहेर पडू लागले. शिव्या कुणी दिल्या नाहीत, नमस्कारही कुणी केला नाही. एक मोदकवाले जाता जाता म्हणाले, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" शिवांगी गाडी आणायला गेली होती. मी आणि काका बाहेरच्या पायऱ्यांवर थांबलो होतो. तेवढ्यात चारुलताकाकू आल्या, आणि काका मागे सरकले.

"तुम्ही माझ्या गेटपर्यंत येऊन दोनदा परत गेलात," काकू म्हणाल्या. "मी खिडकीतून पाहिलं. वाटलं, गुडघे दुखत असतील."

"चारुलताबाई, मी तुम्हाला फसवलं."

"फसवलंतच. बेचाळीस वर्षं मी प्रत्येक मैफलीत त्या जुन्या संगीतकाराचं नाव घेऊन, हात जोडून ते पद सुरू केलं. मुलींना शिकवताना तेच नाव सांगितलं. त्या बिचाऱ्याने त्यातला एक सूरही लावलेला नव्हता." त्यांचा आवाज चढला होता. जाणाऱ्या दोघी-तिघी थबकल्या.

काका मान खाली घालून उभे होते. "काय म्हणाल ते ऐकायला हवं मला," ते म्हणाले.

"म्हणायचं काय राहिलंय आता? मला ती चाल नुसती आवडत नव्हती हो, मी तिच्यावर जगले. सांगितलं असतंत, तर दर वेळी तुमचं नाव घेऊन गायले असते."

काकांनी वर पाहिलं. एवढी माणसं आजूबाजूला असताना ते तिथेच पायरीवर बसले आणि रडू लागले.