बैलाची खोड सांगणारा दलाल

ज्या गाडीत तुमचं लेकरू बसणार, तिच्या दोषांवर कुणी विनोद केला, तर तुम्ही हसाल का? आम्ही हसलो.

हसवणारा माणूस पिंपरीच्या बाजारामागे जुन्या मोटारी विकायचा. बॉनेटवर तळहात फिरवत म्हणायचा, "जुनी म्हनल्यावर येवढं चालायचंच की!" त्याचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की त्याच्यासारखे बाकीचे सुटतात.

आधी तो चाकणच्या बैलबाजारात दलाल होता. कारखाने आले, जमिनी गेल्या, गोठे रिकामे झाले, तसा तो मोटारींकडे वळला. खांद्यावरचा टॉवेल मात्र तोच राहिला. भाव अजूनही टॉवेलाखाली बोटं दाबून ठरवायचा, मग समोर कंपनीतला साहेब का असेना. एक साहेब गोंधळून त्याचं बोट धरूनच बसला होता. "सोडा साहेब, लगीन न्हाई लावायचं आपल्याला," हा म्हणाला आणि सगळा बाजार हसला.

आमच्या घराचा त्याच्यावर विश्वास होता आणि तो फुकटचा नव्हता. मी लहान असताना वडील एक देखणा खिलारी बैल घेणार होते. यानेच त्यांचा हात धरला. "पाव्हणं, ह्यो मारका हाय. घरात लेकरं हायेत तुमच्या. नगा न्हेऊ." त्या दिवशीची दलाली त्याने अशी सोडली. वडील गेल्यावरही ही गोष्ट आमच्याकडे सांगितली जायची. खरं सांगतो, मलाही तो आवडायचा.

म्हणून माझा थोरला भाऊ त्याच्याकडेच गेला. दादा कारखान्यात टर्नर. आम्ही तळवड्याला राहायचो आणि पुतणीची शाळा चिंचवडला. तिची रोजची पायपीट वाचावी, एवढ्यासाठी गाडी. त्या काळी नव्या गाडीचा नंबर कधी लागेल ते कुणालाच माहीत नव्हतं.

तपासायला दादाने रशीद मिस्त्रींना नेलं. देहूरोडला लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेलेली. दोन तास ते गाडीखाली होते. मग कागदावर अकरा दोष लिहून दिले.

"नऊ चालतील, भाऊ. धूर, रंग, काच, सावकाश बघू. हे दोन नाहीत. स्टेअरिंगचा सांधा झिजलाय आणि मागचे ब्रेक धरत नाहीत. हे केल्याशिवाय पोरीला बसवू नका."

दलालाने कागद ओढून घेतला आणि पेन्सिलीने खुणा करत वाटण्या केल्या. "ह्या खोडी वयाच्या. ह्या ड्रायव्हरच्या सवयीच्या. आन ह्या मिस्त्रीच्या पोटाच्या!"

दादा खदखदून हसला. मीही.

"स्टेअरिंग कुठल्या वाटणीत टाकलंत?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुमच्या पोटाच्या!"

मिस्त्रींनी हात पुसले आणि ते निघून गेले. आम्ही त्यांना थांबवलं नाही. बैलाच्या बाबतीत खरा निघालेला माणूस गाडीच्या बाबतीतही खराच, असं आम्ही धरून चाललो. त्या माणसाने गाडीखाली एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. मोटारीतलं न कळणं हा गुन्हा नाही. ज्याला कळतं त्याला हसून हाकलणं, हा गुन्हा आहे.

काहीही दुरुस्त न करता घेतलेली गाडी तीन आठवडे चालली. मग एका दुपारी शाळेतून परत येताना वळणावर दादाने स्टेअरिंग फिरवलं आणि चाकं फिरलीच नाहीत. गाडी ओढ्यात गेली. दादाला खरचटलं. पुतणीचा उजवा पाय गुडघ्यापाशी मोडला. तो पुन्हा कधी सरळ झाला नाही.

दलाल दवाखान्यात आला. मोसंब्यांची पिशवी उशाशी ठेवून खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. प्लास्टरमधल्या पायाकडे त्याचा हात गेला आणि तसाच मागे आला. डोळे भरले होते त्याचे. तेवढ्यापुरता मला त्याचा कळवळा आला, हे कबूल करतो. मग तो बोलला.

"कासरा घेणाऱ्याच्या हातात गेला, की खोड घेणाऱ्याची. बाजाराची रीत हाय, पोरी."

वहिनी उठली. "बैल मारका आहे हे माझ्या सासऱ्यांना सांगितलंत ना, काका? मग गाडीचं का नाही सांगितलंत?"

"तुमच्या मालकांना ठावं व्हतं की. कागद व्हता त्यांच्यापाशी."

"कसला कागद?"

दादा खाली बघत राहिला. मीही. मिस्त्रींचा कागद तिला आम्ही दाखवलाच नव्हता. पुरुषांच्या व्यवहारात बाईला काय विचारायचं, ही आमची रीत.

पुढे महिन्याभरात दलालाने पिंपरीतली जागा सोडली. कुणी म्हणतं तो नगरकडे गेला, कुणी म्हणतं नाशिक रस्त्यावर आहे. मी त्याला शोधलं नाही. शोधून त्याला जे ऐकवलं असतं, त्यातलं अर्धं मला स्वतःलाही ऐकवावं लागलं असतं.

येत्या रविवारी तुमच्यापैकी कुणीतरी जुनी गाडी बघायला जाणार असेल. त्याला माझं एवढंच मागणं आहे. मिस्त्रीने लिहून दिलेला कागद खिशात घालू नका. घरी आणा. त्या गाडीत जे जे बसणार आहेत त्या सगळ्यांना समोर बसवा आणि सगळ्यात लहानालाही कळेल अशी एकेक ओळ मोठ्याने वाचा. मगच हो म्हणा.