आधी फडकं, मग नजर

शांताचा हात गियरमध्ये गेला तेव्हा मी शाफ्ट बंद करायला पळालो. उशीर झाला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. शांता माझी बायको.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या शेडमध्ये मी जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा आणि शिव्या खाणारा. शांता मागाखालचा कचरा काढायची. मोटर एक, तिने फिरणारा लांब शाफ्ट एक, त्यावर बारा माग. कुणी मागाखाली हात घालणार असलं की अख्खा शाफ्ट बंद करायचा, अशी पद्धत. एकासाठी बाराही थांबायचे. थांबल्या जागी टॉवेलवर आडवी रेघ पडते, माल सेकंडमध्ये, म्हणजे हलक्या भावात, जातो.

मालक म्हणाले, "जॉबर, एका मागापायी अकराजण बिड्या वडत बसत्यात. डोकं चालव की जरा."

चालवलं. प्रत्येक मागाला हँडल असतं. ओढलं की तेवढाच माग शाफ्टला लागतो, ढकललं की सुटतो. मग शाफ्ट कशाला थांबवायचा? मी सांगितलं, माग बंद दिसला तर वरच्या दांडीला लाल फडकं अडकवा आणि खुशाल हात घाला. चालू असला तरच विणकराला हाक मारा. विणकराने दांडी बघूनच हँडल ओढायचं. मालक खूश.

त्या दिवशी शांताने बघितलं, माग बंद, हँडलवर हात नाही. त्याच वेळी त्या मागाच्या विणकराने, रामण्णाने, बघितलं, दांडीला फडकं नाही. मग तिने फडकं अडकवून खाली हात घातला आणि त्याने हँडल ओढलं. दोघांनी बघितलं होतं. दोघांनी माझंच ऐकलं होतं.

मालकांनी विचारलं, "फडकं लावलं व्हतं का न्हाय तिनं?"

रामण्णा खाली मान घालून म्हणाला, "मी बगितलं तवा न्हवतं, मालक."

"मग चूक तिचीच की. काय जॉबर?"

तिचा हात गेला तेव्हा फडकं दांडीला लटकत होतं. नंतर माझ्याच हाताने मी ते काढलं होतं. तरी म्हणालो, "व्हय." नियम माझा होता. नोकरीही माझी होती.

घोळ पुढं-मागं करण्यात होता, हे मला नंतर उमगलं. कचरा काढणारीने आधी फडकं लावायचं, मग हँडल बघायचं. हात दिसला तर थांबायचं. विणकराने आधी हँडलवर हात ठेवायचा, मग दांडी बघायची, मगच ओढायचं. दोघं एकदम आले तरी एकाला तरी दुसरा दिसतोच. नियम तसा बदलला. पुढं शाफ्टही थांबला नाही आणि कुणाचं बोटही गेलं नाही.

लेक पुण्याला कंप्युटरात आहे. शांता वारल्यावर माझ्याकडे पंधरा दिवस राहिली. एका कंप्युटरच्या पोटात बरेच नकली कंप्युटर चालवतात म्हणे. एकाला निरोप द्यायला सगळ्यांना अडवायचं नाही, हे तिचं काम. मी शेडचं सांगितलं.

"अप्पा, आमी पण आधी निरोप ठेवतो, मग तो नकली कंप्युटर चालू हाय का बघतो. तो पण आधी 'निघालो' म्हणतो, मग निरोप बघतो. उलटं केलं की निरोप हुकलाच." मग म्हणाली, "म्हणजे चूक आईची नव्हती की."

"न्हवती."

"तिला सांगितलं होतं का?"

शांता डाव्या हाताने भाकरी थापायची. शेजारणींनी विचारलं की म्हणायची, "माजंच ध्यान नव्हतं, बाई." मी तिथंच बसलेला असायचो.

नियम करणाऱ्याने आधी काय, मग काय, हेही सांगावं. आणि स्वतः चुकला तर, समोरचं माणूस ऐकायला आहे तोवर कबूल करावं.