घरगाडीचे टायर

आमच्या घरी कोणी सहज विचारलं, “काकू, जगदलपूरची ट्रिप कशी झाली?” की माझी पंचाईत होते. चहा संपतो, चिवडा संपतो, आणि माझ्या गोष्टीतली गाडी अजून गोंदियाजवळच्या आमच्या फुलचूरच्या अंगणात जॅकवरच उभी असते! कारण ट्रिप झाली चार दिवसांची आणि टायर निवडायलाच महिना गेला. एकेका टायरमागे एकेक किस्सा, असं झालंय.

आम्ही चौघं. मी कुसुम. आमचे हे म्हणजे दिवाकर, गोंदियाचा तांदूळ ट्रकमधून देशभर पोचवता पोचवता म्हातारा झालेला माणूस. भिंतीपलीकडचे मेश्राम गुरुजी, शाळेतून रिटायर. आणि त्यांच्या शांताताई. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून ताईंना फार वेळ बसवत नाही, आडवंच पडावं लागतं. त्यामुळे रेल्वे बंद, बस बंद. त्यांची थोरली बहीण गोदाबाई तिकडे बस्तरात, जगदलपूरला. ती तर खाटेवरून उठतच नाही. दोघी रोज फोनवर बोलायच्या, आणि फोन ठेवला की ताई भिंतीकडे तोंड करून गप्प पडायच्या.

ते बघवेना, म्हणून गुरुजींनी आणि यांनी मिळून एका शाळेची जुनी मिनीबस घेतली. सीटा काढल्या, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली, आरटीओत खेटे घालून कागद रीतसर केले. गल्लीने नाव ठेवलं ‘घरगाडी’.

सगळं तयार होतं. पण गुरुजींना वाचायची सवय!

*

गुरुजी काहीही वाचतात. भज्यांचा कागद वाचतात, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचतात. एक दिवस दुपारी ते गाडीखाली पालथे पडून, चष्मा लावून, टायर वाचत होते. टायरवर शेवटी चार आकडे असतात ना, तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते सांगणारे, ते शोधत होते.

समोरच्या कटरेबाईंना काय दिसलं? गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. हलत नाहीत, काही नाही.

“अवो बाप्पा, गुरुजी पडले!” त्या ओरडल्या आणि हातातली पाण्याची बादली घेऊन धावल्या. आम्ही पोचेपर्यंत अख्खी बादली गुरुजींवर!

गुरुजी चिंब भिजून बाहेर आले. चष्मा पुसला. मग गंभीर आवाजात म्हणाले, “दिवाकरभाऊ, हा टायर माझ्या नातवापेक्षा मोठा हाय. आणि नातू आता दाढी करून राहिला!”

*

यांना ते पटेना. टायरची नक्षी खरंच नवीकोरी होती. शाळेची गाडी, घर ते शाळा, शाळा ते घर, झिजणार किती? पण जवळून पाहिलं तर कडेच्या रबराला केसांसारख्या बारीक भेगा पडलेल्या.

“काही होत नाही,” हे म्हणाले. “उभी जिंदगी म्या टायरले लाथ मारून पाहिलं. आवाज चांगला, त टायर चांगला.” आणि लाथ मारली. “ऐका!”

आवाज खरंच चांगला आला. पण यांचा! अंगठा सुजला, दोन दिवस चप्पल चढेना.

शांताताई पलंगावरून खिडकीतून बघत होत्या. “भाऊ,” त्या म्हणाल्या, “टायर बदलाचा का पाय, ते एकदा ठरवा.”

*

मग आम्ही सडक अर्जुनीला गेलो, हायवेवरच्या पाशाभाईंच्या दुकानात. ट्रकच्या जमान्यापासून यांची ओळख. पाशाभाईंना स्वतःचा आवाज फार आवडतो. प्रत्येक टायरवर पाच मिनिटं भाषण!

त्यात यांची आणि गुरुजींची भांडणं. गुरुजींना रेडियल पाहिजे. लांबच्या रस्त्याला कमी तापतो, धक्के कमी बसतात. यांना नायलॉन पाहिजे. दगडधोंड्यात कड टिकते, कुठेही पंक्चर निघते. गुरुजी म्हणाले, “आपण खाणीत जाऊन राहिलो का?” हे म्हणाले, “तुम्ही बस्तरचे रस्ते पाह्यले का?” पाशाभाई पानाचा तोबरा भरून मजा बघत होते.

शेवटी यांनीच तोडगा काढला. “चला, भांडण नाही. पुढं रेडियल लावा, मागं नायलॉन!”

पाशाभाईंनी पान थुंकलं. हात जोडले. “काका, गाडी है कि मियाँबीवी? एक इकडं ओढणार, एक तिकडं ओढणार, और घाट में दोनों गये!”

*

निर्णय काही होईना, तेव्हा पाशाभाई म्हणाले, “पहले वजन करून आणा. शाळेची पोरं चढतात, उतरतात, गाडी हलकी होते. तुमचा संसार तर चोवीस तास अंदरच बसणार ना! वजन कळल्याशिवाय मी टायर देणारच नाही. पाणी भरून, सिलिंडर ठेवून, चौघं बसून काट्यावर जा.”

म्हणून आम्ही एका राईस मिलच्या वजनकाट्यावर गेलो. धानाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि मधेच आमची खिडकीला पडदे लावलेली गाडी. ताई पलंगावर झोपलेल्या, मी शेगडीजवळ, गुरुजी स्टुलावर.

काट्याच्या खोलीतून माणूस ओरडला, “माल का हाय?”

हे ओरडले, “चार म्हातारे!”

त्याने मान वर केली नाही. “सुटे का पोत्यात?”

*

वजन अंदाजापेक्षा फार जास्त भरलं. गुरुजी हैराण. पुन्हा काट्यावर चढलो, तरी तेवढंच. मग आम्ही गाडी झाडाखाली लावून झडती घेतली.

ताईंच्या पलंगाखालून निघालं काय काय! नव्या तांदळाची पोती. लोणच्याच्या बरण्या. मोहाची फुलं. आणि सगळ्यात मागे, गोधडीत गुंडाळलेला दगडी पाटा!

“अवो, पाटा कायले?” गुरुजींनी डोक्याला हात लावला.

“गोदाचा हाय. लग्न होऊन गेली तेव्हा मायनं तिले द्यायचं कबूल केलं होतं. मग मायच गेली.” ताईंचा आवाज एकदम बारीक झाला. “मी वापरून राहिली इतकी वर्षं. आता नेऊन देतो.”

मग यांनी पाटा उचलला, स्वतःच्या हाताने पुन्हा पलंगाखाली सरकवला आणि म्हणाले, “जास्त वजन उचलणारा टायर घेऊ. पाटा येईल.”

आम्ही तसेच पाशाभाईंकडे परतलो. वजन ऐकून त्यांनी जास्त भार झेलणारे रेडियल काढले. यांनी हूं की चूं केलं नाही. पाशाभाईंना वाटलं, त्यांच्या भाषणाचा असर झाला!

*

जुने टायर काढून अंगणात रचले. दुसऱ्याच दिवशी केशोरीचा एक शेतकरी हजर. धानाच्या ट्रॉलीला पाहिजेत म्हणाला. नक्षी पाहून खूश! यांनी मान डोलावली, पण गुरुजी आडवे आले.

“ज्या टायरवर मी माझ्या बायकोले बसवत नाही, त्यावर तुले काऊन बसवू?”

“मी कुठं बसतो गुरुजी? धानाचे पोते बसतात!”

“आणि ट्रॅक्टर कोण चालवते?”

“मीच.”

“मंग जा. तुझ्या बायकोले विचारून ये.”

आम्हाला वाटलं, गेला बिचारा. संध्याकाळी मोटारसायकलवर तो परत आला, मागे बायको बसलेली. गुरुजींनी तिला सगळं समजावलं. भेगा दाखवल्या. भरल्या ट्रॉलीखाली फुटला तर काय होईल ते सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं.

आणि म्हणाली, “द्या!”

गुरुजींनी त्याच रात्री करवत काढली. आता त्या टायरांत आमचा मोगरा फुलतो.

*

एकदाचे निघालो. गुरुजींनी हवा मोजायचं यंत्र विकत घेतलं होतं. रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड टायरची हवा मोजायची, असं स्वतः आम्हाला शिकवलं, आणि स्वतःच दर चहाला खाली वाकायचे. देवरीजवळच्या ढाब्यावर ते असेच वाकलेले. एका ट्रकवाल्याने पाहिलं.

“बाबूजी, जरा मेरी भी देख लो.”

गुरुजींना कोणी शिकवायला, सांगायला बोलावलं की नाही म्हणवत नाही. त्याची पाहिली. मग त्याच्या मागच्याची. मग रांगच लागली. आमची भजी संपली, चहा दोनदा झाला, गुरुजींचा पत्ता नाही. एक ट्रकवाला तर विचारून गेला, “ये सरकारी आदमी है क्या?”

ताई पडल्या पडल्या म्हणाल्या, “शाळा सुटली, पण यांची हजेरी सुटली नाही!”

*

मग केशकालचा घाट लागला. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, वळणामागे वळण, समोरून लोखंडाने भरलेले ट्रक. हे दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होते.

आणि ऐन वळणावर, मागून, धाडकन आवाज!

ताई ओरडल्या. यांनी करकचून ब्रेक मारला नाही, जराही स्टिअरिंग हिसकलं नाही. हळूहळू वेग कमी करत गाडी कडेला आणली, उभी केली, आणि तसेच बसून राहिले.

गुरुजी उतरले. सहाही टायर पाहिले. मग मागचं दार उघडून आत डोकं घातलं.

“कुकर पडला,” ते म्हणाले.

हे खाली उतरले. एकेका टायरवरून हात फिरवत गाडीभोवती पूर्ण चक्कर मारली, जसा बैलाच्या पाठीवरून माणूस फिरवतो तसा. परत चढले तेव्हा म्हणाले, “कुसुम, तो कुकर बांधून ठेव. टायर ठीक हाय, माह्या जीवाचं सांगत नाही.”

*

जगदलपूरला गोदाबाईंच्या गल्लीत गाडी शिरेना. ताईंना चालवेना, गोदाबाईंना उठवेना. इतकं येऊन दोघींच्या मध्ये शंभरेक पावलांची गल्ली! ताई पलंगावर उठून बसल्या आणि रडायलाच लागल्या.

शेजारची चार माणसं आली. त्यांनी गोदाबाईंना खाटेसकट उचललं आणि गल्लीतून वाजतगाजत आणल्यासारखं आणलं. मागे सून, तिच्या हातात औषधाची पिशवी. गोदाबाईंना अलगद आत घेऊन ताईंच्या शेजारी पलंगावर झोपवलं. आम्ही सगळे बाहेर उभे राहिलो. दोघींना एकटं सोडावं म्हणून मी दारही लोटून घेतलं.

आतून आधी रडण्याचा आवाज आला. मग कुजबुज. मग एकदम हसू! मग गोदाबाईंचा खणखणीत आवाज, “अवं शांते, हे अख्खं घर चालते का?”

“चालते तर!”

“मंग उभं काऊन हाय?”

आतून पत्र्यावर थापा पडायला लागल्या. गोदाबाईच! “वो डायव्हरसाहेब! हाणा गाडी!”

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुरुजींकडे. सून म्हणाली, “अवो मामा, तब्येत तिची...” आणि बोलता बोलता स्वतःच पिशवीसकट आत चढली.

आम्हीही चढलो, गाडी निघाली. मागच्या काचेतून मला दिसत होतं, ती चार माणसं रिकामी खाट धरून रस्त्यात तशीच उभी होती.

चौकात यांनी वेग कमी केला. “आई, कुठं जायचं?”

“मले का माहीत!” गोदाबाई म्हणाल्या. त्यांनी खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला होता. “पण मागं वळवू नोको.”