वाट विचारली म्हणून

‘‘जंगलात बरोबर सापडतं सगळं. इथं चार भिंतींत हरवता?’’

सर म्हणाले. अख्खा वर्ग हसला. मी दारात उभी. ओढणी घामानं मानेला चिकटलेली.

विद्यापीठाच्या आवारातला तो माझा पहिला दिवस. आमचा पाडा मनोरच्या आत, डोंगराला लागून. तिथून इथवर शिकायला आलेली मी पहिली. पालघरला एसटीतून उतरून वेळेआधी गेटवर पोचले होते. पण आत सगळ्या इमारती एकाच रंगाच्या. पाट्यांवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. मला इंग्रजी वाचता येतं. वाचून करायचं काय? ए-बी-टू म्हणजे काय, ते ज्याला आधीच माहीत त्यालाच कळणार.

आमच्याकडं वाट तोंडानं सांगतात. उताराला लाग, ओढा उजव्या हाताला ठेव, पुढं कुणाला तरी विचार. विचारण्यात कमीपणा नाही. म्हणून मी विचारलं. वॉचमन मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, ‘‘सीधा जाके लेफ्ट.’’ गेले. तिथं कँटीन. ऑफिसातल्या बाईंना विचारलं.

‘‘बोर्ड लावलेत ना? वाचता येत नाही?’’

मग कुणाला विचारलं नाही. फिरत राहिले.

माझ्या बाकावरची स्नेहल तारापूरच्या कॉलनीत वाढलेली. तिथं बिल्डिंगींना नंबरच असतात. तिला लहानपणापासूनची सवय. ती सरळ वर्गात आली. एवढाच फरक. पण मी झाले जंगली.

नावही पडलं. चकवा. मी दिसले की मागून आवाज यायचा, ‘‘ए चकवा, संडास कुठंय?’’

हिवाळ्यात बाहेरचे पाहुणे आले. सरांनी मला हॉलमध्ये पुढं बोलावलं. हातात आवाराचा नकाशा दिला.

‘‘ही आमची केस. आदिवासी मुलांना नकाशा का कळत नाही, ते हिच्यावर दाखवतो. जा गं, लायब्ररी शोधून दाखव.’’

पोरांनी मोबाइल काढले. लायब्ररीत मी रोज बसत होते. सरांना ते ठाऊकच नव्हतं. पाय उचलला नाही माझा. नकाशा टेबलावर ठेवला.

‘‘नाय जाणार.’’

‘‘काय?’’

‘‘मी माणूस हाय, सर. खेळ नाय.’’

मी जागेवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सरांचा निरोप आला. वडिलांना आण, माफी माग, मगच वर्गात बस.

बाबा बोईसरला केमिकल कंपनीत ठेकेदाराकडं कामाला. खाडा करून आला. मी विभागाच्या दारात वाट बघत होते. त्याला वॉचमननं भलतीकडं धाडलं. उशीर झाला. सर म्हणाले, ‘‘अख्खं खानदानच हरवतं का?’’

बाबानं हात जोडले. ‘‘पोर हाय सायेब. चुकली. आमी अडाणी मानसं...’’

मी त्याचे हात धरले. ताठ होते. दाबून खाली करावे लागले.

‘‘बाबा, हात जोडायचे नाय. माजी चूक नाय. तुजी पन नाय.’’

बाबानं माझ्याकडं रागानं बघितलं. परतीच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून बसला. पोरीनं मिळालेलं घालवलं, एवढंच त्याला दिसत होतं.

मी दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन बसले. सर म्हणाले, बाहेर हो. नाही झाले. त्यांनीच शिकवणं थांबवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बसले. शेवटी त्यांना शिकवावं लागलं.

पाट्या अजून तशाच आहेत. चकवा म्हणणारेही आहेत. आता शेवटचं वर्ष. तोंडी परीक्षा सरच घेणार. स्नेहल म्हणते, एकदा सॉरी म्हणून टाक, तुझं काय जातंय?

माझं सगळं जातंय.

नापास करतील. करू देत. मी परत बसेन. परत केलं तर परत. इथून मी पदवी घेऊनच जाईन, आणि माफी मागणार नाही.