घोंगड्याखालचे टाळ

साखर कारखान्यातल्या वायरमनला उंची आवाजयंत्रांचं वेड लागावं, हेच मुळात अंथरुणाबाहेर पाय पसरणं. ढोकीला नोकरी लागल्यावर मी घरीच दोन स्पीकरचे खोके ठोकले. प्रश्न उरला ट्वीटरचा, म्हणजे टाळ-घुंगरांचे बारीक आवाज काढणाऱ्या भागाचा. डोम घ्यावा, रेशमी कापडाचा इवलासा घुमट. की रिबन, वर्खासारख्या पातळ पट्टीचा? दोन्ही एकेक आणले. डाव्या खोक्यात डोम, उजव्यात रिबन. रिबन मुंबईहून मागवलेला, त्यामुळे मन आधीच तिकडं झुकलं होतं.

दुष्काळात मेंढरं विकावी लागली म्हणून माझे वडील, अण्णा, तेव्हा माकणीहून माझ्याकडं राहायला आले होते. अंधारात नुसत्या घंटीवरून कोणतं मेंढरू मागं राहिलं ते सांगणारा माणूस.

रविवारी आमचे साहेब ऐकायला आले. खोलीत खुर्च्या दोनच. एकीवर साहेब, दुसरीवर मी. अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. भजनाची कॅसेट आळीपाळीनं दोन्ही खोक्यांवर वाजवली. साहेबांनी रिबनला मान डोलावली.

अण्णा मधेच म्हणाले, "डावीकडला बरा हाय. उजवीकडल्यात टाळ घोंगड्याखाली वाजल्यावानी वाटतेत."

साहेबांसमोर माझं तोंड उतरलं. मी फटकन बोललो, "गाढवाला गुळाची चव काय!"

साहेब हसले. अण्णाही हसले. "व्हय बाबा, आमाला काय कळतंय," म्हणाले. त्यानंतर मी कॅसेट लावली की ते उठून बाहेर जात. मला वाटे, बिडी ओढायला.

मी दोन्ही खोक्यांत रिबन बसवले. पाऊस झाल्यावर अण्णा गावी परतले आणि दोन वर्षांनी वारले.

पुढं एकदा कॅसेट चालू असताना हातातला स्क्रू पडला. शोधायला खाली बसलो, आणि टाळ घोंगड्याखाली गेले. उठलो, लख्ख. बसलो, पुन्हा घोंगडं. चारपाचदा उठबस केली, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. रिबनचा आवाज समोर सरळ जातो, डोमसारखा वर-खाली फारसा पसरत नाही. माझे खोके खुर्चीवरच्या कानांसाठी होते.

आजही ती म्हण कुणाच्या तोंडून ऐकली की मान खाली जाते. त्या रविवारी उठून नुसतं "अण्णा, इथं बसा" म्हणालो असतो, तर कदाचित त्यांनाही रिबनच आवडला असता.